धागा: शरदातली कुंपणं (सातारा-सांगलीकडे फोटो काढणाऱ्यांसाठी)

घाटमाथा

कासचा हंगाम सरला की साताऱ्यातले निम्मे कॅमेरे बॅगेत जातात. रस्ता मोकळा होतो, कणसंवाले गाडे उचलतात आणि लोक म्हणतात, आता काय राहिलंय बघायला? माझं मत उलटं आहे. दसरा ते कार्तिकी एकादशी हा आपल्याकडच्या रानाचा सगळ्यात देखणा काळ, आणि त्यातही कुंपणांचा. पावसाळ्यात कुंपण वेलींखाली बुडालेलं असतं, उन्हाळ्यात ते सरपण दिसतं. या मधल्या आठवड्यांत वेल अर्धा हिरवा, अर्धा पिवळा असतो, मागचं कुसळी गवत तांबूस झालेलं असतं आणि दगडांवरचं शेवाळ अजून सुटलेलं नसतं.

मी जावळी-पाटणच्या अंगाला जास्त फिरतो, म्हणून तिकडचंच सांगतो. पूर्वेकडच्यांनी भर घालावी.

आमच्या बाजूला दगड फुकट आहे. शेत साफ करताना निघालेले काळे धोंडे कडेला रचत गेलं की गडगा उभा राहतो. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. फटींत नेचे, डोक्यावर तेरड्याची वाळलेली ताटं. पठाराच्या कडेला जांभा लागतो, तिथे तोच गडगा तांबडा. भात कापणीला आलेलं असतं तेव्हा पिवळं भात आणि काळा दगड यांच्यात एवढा फरक पडतो की कॅमेऱ्याला दोन्ही झेपत नाही: भात नीट आलं की दगड नुसता काळा गोळा. यावर उपाय म्हणजे पातळ ढगाची सकाळ, नाहीतर ऊन थेट गडग्याच्या तोंडावर पडेल अशी वेळ.

दिशेचं गणित मात्र सगळ्यांनी घरून करून निघावं. ऑक्टोबरअखेर आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि सहा वाजून गेले की मावळतो. उगवतो तोही पूर्वेच्या जरा दक्षिणेला सरकून. कुंपण उत्तर-दक्षिण जात असेल तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा ऊन त्याच्या कुशीवर पडतं, आणि खांबांच्या सावल्या रानात लांबवर आडव्या पसरतात. पूर्व-पश्चिम जाणारं कुंपण सूर्याकडे तोंड करून काढायचं. मागून उजळलेली कुसळं, पुढे काळे खांब. गवत उजळ हवं असेल तर एक्स्पोजर एक पायरी वर न्या, आकाशाचा रंग हवा असेल तर एक पायरी खाली. दोन्ही एकाच फोटोत मागू नका. नऊ वाजले की घरी जाऊन पोहे खा, ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी काही मिळत नाही.

आणखी एक. कुंपण चौकटीत डावीकडून उजवीकडे आडवं ठोकू नका. नजर तिथेच थटते. कोपऱ्यातून आत येऊ द्या आणि कुठेतरी फट, कवाड, ढासळलेला भाग येईल असं बघा.

शेंगाचटणी

मस्त! पण तिसरा आणि पाचवा फोटो उघडत नाही. बाकीचे दिसतात.

घाटमाथा

आता बघा. मोठ्या आकाराचे चढवले होते.

दूरदेशी

मी मूळची कराडची, सध्या अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, व्हर्मॉन्टला. इथे हा विषय म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरातला ठरलेला महिना. मेपलची लाल पानं, पुढे करड्या लाकडाचं कुंपण, मागे तांबडं कोठार. ऑक्टोबरात मुद्दाम पानं बघायला लोक गाड्या काढून येतात आणि रस्ते तुंबतात. कासच्या शनिवार-रविवारसारखंच.

इथल्या कुंपणांची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. जुनी लाकडी कुंपणं ओंडका उभा फाडून काढलेल्या वाशांची असायची. वासे एकमेकांवर नागमोडी रचायचे, खांब पुरायची गरज नाही, खिळा नाही. त्याला सगळ्यात आवडतं लाकूड चेस्टनटचं, कारण ते सरळ फाटतं आणि लवकर कुजत नाही. १९०४ मध्ये न्यूयॉर्कात चेस्टनटवर बुरशीचा रोग दिसला आणि पुढच्या काही दशकांत ती झाडं पूर्व अमेरिकेतून जवळजवळ नाहीशी झाली. त्यामुळे जुन्या चेस्टनटचं कुंपण कुठे उभं दिसलं तर लोक थांबून बघतात.

दगडी गडगे तर इथे मैलोन् मैल. हिमनद्यांनी आणून टाकलेले दगड, शेतकऱ्यांनी वेचून रचले. मग एकोणिसाव्या शतकात लोक पश्चिमेच्या सपाट जमिनींकडे आणि गिरण्यांच्या गावांकडे निघून गेले, शेतं ओस पडली, जंगल परत आलं. आज ऐन जंगलात चालताना मध्येच गडगा लागतो. दोन्ही बाजूला झाडं. कोण कोणाला अडवत होतं, काही पत्ता लागत नाही.

गेल्या दिवाळीत कराडला आले तेव्हा मी हाच फोटो शोधत होते, आणि काकांच्या रानात तो सापडेना. मग लक्षात आलं की काकांचं कुंपण अजून नोकरीवर आहे. त्यावर धुतलेली पोती वाळत घातलेली, घोसाळी लोंबत असलेली, एका खांबाला फवारणीचा पंप टांगलेला. इथलं कुंपण सेवानिवृत्त आहे, म्हणून ते छान छान दिसतं.

माणगंगा

दूरदेशीताईंनी नेमकं सांगितलं. आता पूर्वेचं ऐका.

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ. इकडे पाऊस कमी, झाड कमी, पण काटा भरपूर. त्यामुळे कुंपण म्हणजे काट्यांची वई. बाभळीच्या, बोरीच्या फांद्या तोडायच्या, बुडखे एकाच दिशेला ठेवून एकात एक गुंतवत न्यायच्या आणि दुबेळक्या काठीनं दाबत जायचं. हाताला काटा न लागू देता वई घालणारा माणूस अजून गावागावात एखादा असतो. त्याच्या हाताकडे बघत राहावं. फोटो घ्यायचा तर त्याचा घ्या, वई काही पळून जात नाही.

रंगाचं म्हणाल तर ऑक्टोबरात माळावर तरवड पिवळाधमक फुलतो. कुंपणाच्या बुडाला काटेकोरांटी, तीही पिवळी. बाजरी निघालेली, शाळू टीचभर वर आलेला, म्हणजे जमीन काळी आणि तिच्यावर हिरव्या रेघा. अशा रानाच्या कडेला करड्या काट्यांची वई फार उठून दिसते. पश्चिमेसारखे डोंगर मागे नाहीत, म्हणून आकाश भरपूर घ्यावं लागतं. चौकटीचा दोन तृतीयांश भाग आकाशाला दिला तरी चालतं, परतीच्या पावसाचे ढग असतील तर नक्कीच.

आणि एक गोष्ट कोणी काढत नाही: साड्यांचं कुंपण. रानडुकरं येऊ नयेत म्हणून मक्याला, भुईमुगाला चारी बाजूंनी जुन्या साड्या बांधतात. जांभळी, पोपटी, राणी रंगाची, एकीला एक जोडलेली, वाऱ्यावर फुगलेली. संध्याकाळी सूर्य मागे घेतला तर कापडातून ऊन गाळून येतं आणि पलीकडचं ताट न् ताट सावलीसारखं दिसतं. शटर सेकंदाच्या आठव्या-पंधराव्या भागावर ठेवलं, कॅमेरा तिकाटण्यावर पक्का, की खांब स्थिर राहतात आणि साड्या हलतात. माझ्या मते आपल्याकडच्या शरदाचे रंग झाडांवर नाहीत, या साड्यांवर आहेत.

मेंढरं बसवलेलं रान दिसलं तर तेही बघा. मेंढक्यांची वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, संध्याकाळी उभं राहतं आणि सकाळी गुंडाळून घोड्यावर चढतं. पण दिवाळीनंतर बरेच कळप पाण्याच्या, चाऱ्याच्या मुलखाकडे सरकतात, उशीर करू नका. कुत्री असतात, आधी लांबून हाक द्या.

पिवळी_सोनकी

साड्यांचं वाचून अंगावर काटा आला, चांगल्या अर्थानं. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. मी साध्या तारेच्या कुंपणाचे काढले, तर तार तुटक तुटक दिसते, पायऱ्या पायऱ्यांची. मोबाइलचा दोष की माझा?

घाटमाथा

मोबाइलचा. बारीक तिरकी तार म्हणजे छोट्या सेन्सरची परीक्षाच. दोन गोष्टी करून बघा. तारेच्या अगदी जवळ जा, एक फुटावर, आणि मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या एका काट्यावर बोट टेकवून फोकस पक्का करा. तार जाड दिसते, मागचं रान धूसर होतं. दुसरी, उन्हाच्या विरुद्ध बाजूने, सकाळी दव असताना काढा. तारेपेक्षा तारेवरचे थेंब दिसतात, आणि थेंब तुटत नाहीत.

बोटांनी झूम मात्र करू नका. दोन-तीन पट वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. लांबच्या लेन्सनं खांब एकमेकांजवळ सरकल्यासारखे दिसतात, लांबलचक वळणाऱ्या कुंपणाला तेच हवं असतं. रुंद लेन्सनं उलट होतं: पहिला खांब राक्षसासारखा आणि बाकीचे लगेच लहान. गुडघ्यावर बसून पहिल्या खांबाला जागा दिलीत तर तेही चांगलं दिसतं.

कॅमेरेवाल्यांना: एफ ८ ते ११, फोकस पहिल्या खांबाच्या थोडं पलीकडे. जाळीच्या आतलं काही काढायचं असेल तर लेन्स जाळीला टेकवा आणि एफ २.८ ला उघडा, जाळी विरघळून जाते.

शेंगाचटणी

[फोटो] आमच्या परसातल्या कुंपणावरचा सरडा. याची धाव खरंच इथपर्यंतच आहे, तपासून पाहिलं.

रानराखण

वाचतोय सगळं. चांगलं लिहिताय, पण एक विचारू का? तुम्हाला ढासळलेला गडगा, मोडकं कवाड, विरलेल्या साड्या आवडतात. आम्हाला नाही आवडत हो. पाटण तालुक्यात माझं डोंगरकडेचं रान आहे. गडगा ढासळला म्हणजे रात्री गवा आत आला, सकाळी भाताचा चिखल. साड्या बांधल्या म्हणजे तारेला पैसे नाहीत. रानडुकरांचा कळप एका रात्रीत भुईमुगाचा अख्खा वाफा उकरून ठेवतो, तुम्ही तो फोटो नाही काढत.

राग नाही, पण जरा तेही बघा.

माणगंगा

दादा, बरोबर बोललात. साड्या देखण्या दिसतात हे माझं वाक्य मागे घेत नाही, पण त्या साड्या बांधणाऱ्या बाईला विचारलं होतं. ती म्हणाली, डुकरं पहिल्या वर्षी बिचकली, आता साडीखालून येतात. फोटोखाली तिचं हे वाक्य घातलंय मी.

घाटमाथा

रानराखण, मोडकं आवडतं हे खरं, कबूल. पण मी म्हणतो ते वेगळं. मोडलेल्या जागी माणसाचा हात दिसतो. गडगा ढासळला तिथे बाभळीची फांदी खुपसलेली असते, ती फांदी कमी पडली म्हणून जुन्या पलंगाची चौकट, तिला ठिबकची नळी बांधलेली. हे सगळं मिळून कुंपण किती वर्षं झगडतंय ते कळतं. नवीन जाळीत ते दिसत नाही.

गव्यानं केलेल्या नासाडीचा फोटोही काढायला हवा. पुढच्या वेळी तुमच्याकडे येऊ का?

रानराखण

या की. चहा मिळेल. संध्याकाळी मात्र झटका मशीन चालू असतं, तिकाटणं तारेला टेकवू नका.

कोयनाजळ

झटक्याचा विषय निघालाच आहे तर नीट सांगतो, कारण संध्याकाळी उजेड बघत मागे मागे सरकणारे फोटोवाले मी पाहिलेत. सौर झटका मशीन साधारण सेकंदाला एक असा क्षणभराचा ठोका देतं. दाब जास्त, पण वेळ अगदी थोडा, म्हणून जनावर दचकतं, मरत नाही. धोका आहे तो थेट विजेच्या खांबावरून आकडा टाकून तारेत सोडलेल्या प्रवाहाचा. तो बेकायदेशीर आहे, त्यानं माणसंही गेली आहेत. बाहेरून बघून दोन्हीतला फरक कळत नाही. म्हणून नियम साधा: अनोळखी रानातल्या तारेला हात लावायचा नाही, ओल्या गवतात तर मुळीच नाही, आणि रानमालकाला विचारल्याशिवाय अंधार पडल्यावर थांबायचं नाही.

कृष्णाकाठी

मालकाला विचारण्यावरून आठवलं. वाळव्याकडे तिकाटणं लावून बांधावर उभी होते. पाच मिनिटांत दोन म्हातारे आले.

"मोजणीवालं हाय काय तुमी?"

"नाही आबा, फोटो काढतेय."

"कशाचं?"

"कुंपणाचं."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग एक जण म्हणाला, "कुणी पाठवलं? धाकट्यानं?"

त्या बांधावरून दोन भावांची वर्षानुवर्षं कोर्टात तारीख पडतेय, हे मला नंतर चहाच्या टपरीवर कळलं. तिकाटणं आणि बांध एकत्र दिसले की आपल्याकडे माणसाला मोजणीच आठवते. तेव्हापासून मी आधी बॅग खाली ठेवते, राम राम घालते, पाऊसपाण्याचं बोलते आणि मगच कॅमेरा काढते. आणि बांधाची हद्द ओळखू येईल असा फोटो गावाच्या नावासकट नेटवर टाकत नाही. उद्या तो कोणाच्या वकिलाकडे निघेल सांगता येत नाही.

द्राक्षबाग

हसलो, पण शंभर टक्के खरं. तासगाव भागात तुम्हाला वई फार मिळायची नाही. इकडे जुन्या बागा मोडल्या की निघालेले लोखंडी अँगल आणि तारा कुंपणाला जातात. ऑक्टोबरात फळछाटणी असते, म्हणजे बाग नुसती काड्यांची, मग काही दिवसांत पोपटी फूट. त्या पोपटी रेघांपुढे गंजका अँगल बरा दिसतो. पण छाटणी-फवारणीच्या दिवसांत मालकाला बोलायला फुरसत नसते, आणि औषध मारलेल्या बागेत शिरू नका.

मिरजेच्या पूर्वेला आरग, बेडगकडे पानमळे बघा. आत शेवरी, शेवगा, पांगाऱ्यावर चढवलेले वेल, आणि बाहेरून वारा अडवायला दाट हिरवी भिंत. आतला उजेड हिरवट पडतो. मळ्यात जाताना चपला बाहेर काढायची पद्धत आहे, विसरू नका.

वनस्पतीवेडा

जिवंत कुंपणांवर कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी.

शेर: हिरव्या कांड्यांचं, पान जवळजवळ नसलेलं. जनावर तोंड लावत नाही म्हणून लावतात. चिकापासून डोळे जपा. डोळ्यात गेला तर भयंकर आग होते, काही काळ दिसणंही जाऊ शकतं. फांदी बाजूला करून चौकट साधायचा मोह होतो, करू नका.

फड्या निवडुंग: मूळचा अमेरिकेतला. एके काळी दख्खनमध्ये आणि दक्षिणेत तो एवढा माजला होता की १९२६ साली त्यावर जगणारा कोचिनीलचा किडा मुद्दाम आणून सोडला, त्यानं बराच साफ केला. आता माळावर तुरळक उरलाय. फडीवर पांढरा कापसासारखा थर दिसला तर तो हाच किडा. चिरडला की बोट लाल होतं.

घायपात, मोगली एरंड, निरगुडी, सागरगोटा हे बाकीचे राखणदार. एक गंमत सांगतो. इंग्रजांनी मिठावरचा कर चुकवून मीठ आत येऊ नये म्हणून उत्तर आणि मध्य हिंदुस्थानात शेकडो मैल झुडपांची वई वाढवली होती, पुढे १८७९ मध्ये ती व्यवस्था बंद केली. त्या वईतली झाडं कुठली? बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग. म्हणजे सरकारनं केली ती मोठ्या प्रमाणावर आपल्या आजोबांचीच वई. ती आपल्या भागातून जात नव्हती, तिचं दक्षिणेकडचं टोक बऱ्हाणपूरकडे होतं. काटेरी तारेचं म्हणाल तर तिचा गाजलेला पेटंट १८७४ चा, इलिनॉयमधल्या ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याचा. आपल्या बांधावर ती फार उशिरा आली.

आता शरदातल्या वेली, कारण खरा रंग त्यांचाच. मोरवेलीची पांढरी फुलं ऑक्टोबरपासून. कवडोळीची लाल फळं, त्यावर पांढरे पट्टे, हिरव्या पानांत इतकी उठून दिसतात की मॅक्रो नसला तरी चालतं. गुंजेच्या शेंगा उकलून लाल-काळे दाणे दिसायला लागतात. ते विषारी, पोरांच्या हाती देऊ नका. आणि खाजकुहिली! सोनेरी लव असलेल्या शेंगा, उन्हात मखमलीसारख्या चमकतात, मॅक्रोवाला हमखास जवळ जातो. वारा तुमच्याकडे येत असेल तर जाऊ नका.

पिवळी_सोनकी

उशीर झाला. मी गेल्याच आठवड्यात त्या मखमलीचा क्लोजअप काढलाय 😭

वनस्पतीवेडा

चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून हलके ओढायचं, केस निघून येतात. मग धुवायचं. कपडे वेगळे धुवा. फोटो कसा आला?

पिवळी_सोनकी

एकदम भारी आला. हलवलेला.

खाटीक_निरीक्षक

पक्ष्यांसाठी एक परिच्छेद घेतो. ऑक्टोबरात थंडीचे पाहुणे यायला लागतात. कुंपणाच्या खांबाच्या टोकावर बसून सारखी शेपटी हलवणारा छोटा पक्षी म्हणजे बहुधा गप्पीदास. तो खाली किड्यावर झेपावतो आणि परत त्याच खांबावर येतो. म्हणून त्याचा पाठलाग करायचा नाही. खांब ठरवायचा, गाडीतच बसून राहायचं, खिडकीवर उशी ठेवून लेन्स टेकवायची. खाटीक दिसला तर आजूबाजूची बाभूळ नीट बघा: नाकतोडे, कधी पालीचं पिल्लू काट्याला टोचून ठेवलेलं सापडतं. वईच्या काट्यावरही मी हे पाहिलंय. शेतकऱ्यानं गुरांसाठी घातलेला काटा, खाटकाला खुंटी म्हणून कामाला येतो.

सागरेश्वरची जाळी हाही विषय आहे. कडेगाव, वाळवा, पलूस तालुक्यांच्या मध्ये, जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, १९८५ चं. माणसांनी झाडं लावून, हरणं सोडून उभं केलेलं. भोवती कुंपण. तरी हरणं बाहेर येतात, ऊस-हरभरा खातात, शेतकरी वैतागतात. वरच्या टोकावरून कृष्णेचं खोरं दिसतं: उसाचे हिरवे चौकोन आणि जवळ जाळी. जाळी अलीकडे, ऊस पलीकडे, दोन्ही स्पष्ट, असा फोटो घ्या. हरीण नसलं तरी चालेल.

सह्यकडा

मग कासच्या कुंपणाबद्दलही बोलूया. २०१२ ला जागतिक वारसा यादीत नाव आलं, गर्दी उसळली, फुलं तुडवली जाऊ लागली आणि पठाराला जाळी लागली. फुलांचे फोटो काढणाऱ्या आम्हा सगळ्यांना ती नकोशी होती, कारण प्रत्येक चौकटीत यायची. पण खरा वाद वेगळा होता. जाळीमुळे गुरं चरायची बंद झाली, उंच गवत माजलं आणि छोट्या फुलांना जागा उरली नाही असं अभ्यासक आणि गावकरी म्हणू लागले. पुढे ती जाळी काढायचा निर्णय झाला. गर्दी आवरायला तेव्हा दुसरं काय होतं हातात, हेही खरं. माझ्याकडे जाळी असतानाचे फोटो आहेत, तेव्हा वाईट म्हणून बाजूला टाकलेले. आता तेच कामाचे वाटतात.

घाटमाथा

टाका ना इथे. एकाच जागचे जाळीसह आणि जाळीविना असे दोन असतील तर उत्तम.

सह्यकडा

शोधतो. हार्ड डिस्क पुण्यात आहे.

दूरदेशी

रानराखण यांचं वाचल्यापासून मी काकांच्या रानातले फोटो परत उघडले. त्यात एक आहे. काकू कुंपणावरचा घेवडा तोडतेय आणि तोडता तोडता दुसऱ्या हातानं सैल झालेली तार खिळ्यावर परत अडकवतेय. तेव्हा मी तो "मध्ये माणूस आला" म्हणून वगळला होता. इथले लोक कुंपणाचा फोटो काढताना माणूस निघून जायची वाट बघतात, तीच सवय मला लागली असणार. आपल्याकडे कुंपणाजवळ माणूस नसेल तर तो एक तर जेवायला गेलाय, नाहीतर शेत विकलंय.

शेंगाचटणी

शेवटचं वाक्य 👌 काकूंचा फोटो टाका, त्यांना विचारून.

दूरदेशी

विचारलं. काकू म्हणते, साडी जुनी होती, दुसरा काढ. दिवाळीत नवीन नेसून कुंपणाजवळ उभी राहते.

माणगंगा

नको नको, जुनाच टाका म्हणावं!

जतचा_वाटसरू

एक व्यावहारिक प्रश्न. मी पुण्याहून येणार, शनिवार-रविवार दोनच दिवस. पूर्व आणि पश्चिम दोन्ही होईल का?

माणगंगा

होईल, पण गाडीतच जास्त वेळ जाईल. एकच अंग धरा. पूर्व घेणार असाल तर फलटणवरून दहिवडी, म्हसवड, मग आटपाडी. हायवे टाळा, गावातले आतले रस्ते घ्या, कुंपणं तिथेच आहेत. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी पोचलं त्या गावांत ऊस, डाळिंब आणि त्याबरोबर तारेची जाळी वाढलीय. पाणी न पोचलेल्या वाड्यांवर अजून काट्यांची वई. एका रस्त्यावर दोन्ही लागोपाठ दिसतात, तो फरकच एक चांगली मालिका होईल.

घाटमाथा

पश्चिम घेणार असाल तर वाईत मुक्काम. भल्या पहाटे मेणवलीच्या बाजूला कृष्णेवर धुकं असतं, धुक्यात खांब एकामागून एक विरत जातात, त्यासाठी लांबची लेन्स. मग दिवसा मेढा, बामणोली. नोव्हेंबर उजाडला की गुऱ्हाळं आणि पाचट पेटवल्याचा धूर खोऱ्यात साचतो, लांबचे डोंगर पुसट होतात. तेव्हा विरोधी उजेडात काढा, पोलरायझर फिल्टरच्या नादी लागू नका.

रानराखण

पाटणला येणार असाल तर आधी इथे निरोप टाका. येत्या रविवारी वरच्या अंगाचा गडगा परत रचायचाय. चार माणसं कमी आहेत. कॅमेरे आणा, पण हातमोजेही आणा.

घाटमाथा

मी येतो. शेंगाचटणी, तुम्ही?

शेंगाचटणी

दगड उचलायचेत की फोटो काढायचेत ते आधी ठरू द्या 😅 येतो. चटणी आणतो.

कृष्णाकाठी

मीही. कोणाच्या गाडीत साताऱ्याहून जागा आहे?